मागे बसणाऱ्याने बोलत राहायचं

तुंपेंगचं टोक अजून कोणी कापलं नव्हतं, एवढंच त्या सकाळचं नशीब.

पिवळ्या भाताचा तो हातभर उंच शंकू, ज्याचं टोक कापलं की काम सुरू झालं म्हणायचं, 'गेमा वेतान' रेडिओच्या अंगणात केळीच्या पानावर उभा होता. भोवती खोबरं घातलेल्या भाज्या, तळलेलं सोयाबीनचं टेंपे, कोंबडी, उकडलेली अंडी. सुराबायातल्या पेनेलेहच्या गल्लीतली माणसं चटयांवर मांडी घालून बसली होती. मशिदीतले म्हातारे हाजी दुवा सुरू करायला घसा साफ करत होते, आणि नेमकं तेव्हा मुर्सिनी मावशीचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं.

"या अल्ला," मावशी म्हणाली. "आज मंगळवार क्लिवोन आहे."

मावशीला हळू बोलता येत नाही. तिने आयुष्यभर बाजारात मासे विकले होते.

वीनार्तीच्या हातातली सुरी तशीच राहिली. कंपनीत तिच्या हाताखाली चौदा माणसं. दोन हजार लोकांसमोर एकटी उभी राहून ती त्यांना रडेपर्यंत हसवते. पण नोटरीने तारीख दिली, तेव्हा तिने फक्त तारीख पाहिली होती. वार आणि क्लिवोनसारखा पाच दिवसांच्या फेऱ्यातला बाजारदिवस जुळवून पाहायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. जावानीज आईच्या पोटी जन्मलेल्या कुणी ही चूक करावी! वडील मंगळवार क्लिवोनला गेले. पस्तीस दिवसांनी फिरून येणारा तो दिवस म्हणजे या घराचा गेब्लाक. बाप गेला त्या दिवशी लेकरांनी काही म्हणजे काही सुरू करायचं नसतं. घराचा पाया नाही, लग्न नाही, धंदा तर नाहीच.

आणि ती त्याच दिवशी रेडिओ स्टेशन विकत घ्यायला निघाली होती.

"उद्यावर ढकल," आई म्हणाली. ती तुंपेंगच्या उजव्या हाताला पाय दुमडून बसली होती. "एका दिवसाने काय होतंय?"

"आई, करारात आजची दुपार लिहिली आहे. बाराच्या आत सह्या झाल्या नाहीत तर रुडी दुसऱ्याला विकायला मोकळा. तो गाड्या धुण्याच्या धंद्यातला माणूस परवापासून फाटकाबाहेर घिरट्या घालतोय. त्याला इथे सिमेंट ओतायचंय."

"रुडीला फोन कर."

"रुडीलाच सिमेंट हवंय, आई."

रुडी म्हणजे जुन्या मालकाचा मुलगा. त्या मालकाबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण तो मेल्यावर सगळे त्याला भला माणूस म्हणू लागले. वीनार्तीचे वडील, विदूषक तुकिजान, या स्टेशनवर एकोणीस वर्षं दर मंगळवारी लुद्रुक करत. नाटक, गाणं, विनोद, सगळं थेट हवेवर. बदल्यात त्यांना एक ताट भात आणि एक पाकीट मिळे. ते गेल्यावर भल्या माणसाने त्यांच्या टेपा सात वर्षं वाजवल्या. मध्ये साबणाच्या जाहिराती, मध्ये खोकल्याच्या औषधाच्या. गल्लीत घरोघरी मेलेला बाप हसायचा आणि त्याच्या स्वतःच्या घरी रेडिओ बंद असायचा, कारण आईला ते सहन व्हायचं नाही. विचारायला कोणी आलं नाही. हसणाऱ्यांपैकीही कोणी नाही. माणसं विदूषकावर प्रेम करतात म्हणे. करतात, पण ताट उष्टं होईपर्यंतच.

वीनार्तीला हे उमगलं ते फार उशिरा, आणि तेही स्वतःचे हात पोळल्यावर. चोविसाव्या वर्षी ती कॉफीच्या दुकानात, दळायच्या यंत्राच्या खरखरीत पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिली. चार वर्षांनी जाकार्ताच्या एका वाहिनीने बोलावलं. तिथल्या बाईने सांगितलं, विनोद छान आहेत, तेवढी ती सुराबायाची जीभ घरी ठेवून ये. तिने ठेवली. वर्षभराने वाहिनीने तिचे विनोद दुसऱ्या नटीच्या तोंडी घातले. विनोद तुझे असतील, पण कागदावर ते आमचे आहेत, असं तिला सांगण्यात आलं. त्या दिवशी ती रडली नाही. रात्रभर रेल्वेत बसून सुराबायात परतली, भाड्याच्या खोलीत कॅमेरा लावला, आणि पुढे कागद कुणाचा हे पाहिल्याशिवाय तिने तोंड उघडलं नाही. आधी व्हिडिओ, मग दुसऱ्या पोरापोरींचे व्हिडिओ, मग कंपनी. आणि आता हे: गंजलेला मनोरा, मुदत संपत आलेला परवाना, आणि मागच्या खोलीतलं टेपांचं लोखंडी कपाट.

कपाटासाठी तर सगळं चाललं होतं. त्यात तिचा बाप होता.

"सुवितोला विचारा," मावशी म्हणाली. "सही त्याचीही लागते ना?"

सगळ्यांच्या माना फाटकाकडे वळल्या. सुवितो, वीनार्तीचा मोठा भाऊ, मोटरसायकल स्टँडवर लावून तिथेच उभा होता. वॉर्ड ऑफिसमधला कारकून, खाकी गणवेश, केस पाणी लावून बसवलेले. दोन नावांशिवाय कंपनी नोंदवता येत नाही, म्हणून आठ वर्षांपूर्वी वीनार्तीने त्याचं नाव घातलं होतं, दुसरं कुणी सुचलं नाही म्हणून. तो एकदाही तिच्या कार्यक्रमाला आला नव्हता. मान्यही करायला हवं, तिच्या कार्यक्रमातला सगळ्यात गाजलेला तुकडा त्याच्यावरच होता. 'आमच्या दादाच्या गाडीला पेट्रोल लागत नाही. बडबड लागते. मागे बसलात की बोलायचं. थांबलात की तो गाडी थांबवतो. मी शाळेत जाईपर्यंत रोज पाऊण तास बोलायचे. काही सुचलं नाही तर खोटं बोलायचे. वहिनी लग्नाच्या रात्री दमली ती बोलून बोलून!' अकरा वर्षं लोक या तुकड्यावर टाळ्या वाजवत होते. वॉर्ड ऑफिसात दाखला घ्यायला येणारेही सुवितोला विचारत, साहेब, आज गाडी बडबडीवर आणली का?

"मी आज सही करणार नाही," सुवितो म्हणाला.

"दादा."

"बापाच्या दिवशी नाही. झालं."

"तुझा कधीपासून एवढा विश्वास बसला रे? तू घराची कौलं बदललीस तेव्हा वार पाहिला होतास?"

"पाहिला होता."

"पाहिला होता त्याने," मावशी लगेच त्याच्या बाजूला सरकली. "मला विचारायला आला होता."

"मावशी, काल तर तू म्हणत होतीस की नार्ती घरचं नाव काढणार!"

"काल सोमवार होता."

चटईवर कुणीतरी हसलं. हाजींनी दुवा पुढे ढकलून एक शेंगदाणा तोंडात टाकला. वीनार्तीने सुरी पानावर ठेवली आणि भावाजवळ गेली. आवाज खाली आणला, पण पेनेलेहमध्ये आवाज खाली आणून उपयोग नसतो, भिंती अंग चोरून उभ्या असतात.

"खरं सांग. तुला स्टेशन नकोय."

"नकोय."

"का?"

"या जागेने त्यांना मारलं. आणि तू त्यांना इथेच परत आणून बसवणार, तिकीट लावून. माझं केलंस तसं."

हे शब्द लागले. लागायलाच हवे होते. वीनार्तीला उलट उत्तर सुचलं, नेहमीसारखं तयार, धार लावलेलं. पण तिने आईकडे पाहिलं.

"आईला विचार," तो म्हणाला. "आई हो म्हणाली तर बघू."

आईने ओढणी सारखी केली. तिला दोन्ही मुलांचं ऐकू येत होतं आणि दोघांचंही बरोबर वाटत होतं. आयांना हीच तर शिक्षा असते. "सव्वीस वर्षं मंगळवार क्लिवोनला मी कुणी घास घ्यायच्या आधी त्याचं ताट वाढते," ती म्हणाली. "मी नाही हो म्हणणार, पोरी. गेलं तर गेलं."

संपलंच होतं. वीनार्ती खिशातला फोन काढून रुडीचं नाव शोधू लागली.

"मंगळवार क्लिवोन कशाला?" मागून एक चिरका आवाज आला. "तुकिजान तर बुधवार लेगीला गेला."

स्टुडिओच्या दारात गिमान काका उभे होते. चाळीस वर्षं स्टेशनचं यंत्र सांभाळलेला माणूस. एका कानाला ऐकू येत नाही, दुसऱ्या कानाने तारेतली खरखर ओळखतो. हातात विजेची पक्कड होती. स्लामेतानला, दुवेच्या पंगतीला सुद्धा पक्कड घेऊन येणारा असा हा प्राणी.

"काका, वार मंगळवारच होता," वीनार्ती म्हणाली. "कार्यक्रम मंगळवारचा."

"कार्यक्रम मंगळवारचा. मरण बुधवारचं. सूर्य मावळला की दिवस बदलतो ना? का तुम्ही आता मध्यरात्री बदलता, हॉलंडच्या लोकांसारखा?"

"ते अजानच्या आधी गेले," सुवितो म्हणाला. जरा घाईनेच म्हणाला. "बाहेरच्या बाकावर. मी आलो तेव्हा गेलेले होते. ऊन होतं अजून."

"बाकावर?" काकांनी चांगला कान पुढे केला. "प्रक्षेपण थांबलं होतं, पण मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजाननंतर त्याने गाणं म्हटलंय, माझ्या यंत्रात! मेलेला माणूस गातो होय?"

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीस ते?" मावशी कडाडली.

"विचारलंत कुणी? एकदा तरी त्याच्या जेवणाला बोलावलंत? मला वाटायचं बुधवार लेगीला घालत असाल आणि मला विसरत असाल. कलाकाराच्या घरचे तंत्रज्ञाला विसरतातच."

आईने जमिनीवर हात टेकून उभं राहायला सुरुवात केली. "टेप आहे?"

"आहे. मालक म्हणाला होता, पुसून वापर. मी पुसली नाही."

सुवितो म्हणाला, "नको."

एवढा एकच शब्द. वीनार्तीने त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यभर लोकांचे चेहरे वाचून ती पोट भरत होती. कोण हसणार, कोण उठून जाणार, हे अंधारातही तिला कळायचं. आणि भावाच्या तोंडावर तिला जे दिसलं तो राग नव्हता. ती भीती होती, सतरा वर्षांच्या पोराची, पाणी लावून बसवलेल्या केसांखाली जशीच्या तशी.

"दादा, तू बाहेर थांब हवं तर."

तो थांबला नाही. सगळ्यांच्या मागून आत आला.

कपाटाचं दार काकांनी पकडीने उघडलं. टेप सापडायला वेळ लागला नाही, वेगळ्या कप्प्यात, रुमालात गुंडाळलेली होती. यंत्र खरखरलं, आणि मग त्या शेणरंगी भिंतींच्या खोलीत तुकिजान बोलू लागले. आईने दाराची चौकट धरली. वीनार्तीला वाटलं होतं आवाज जाडा असेल, म्हाताऱ्याचा. तो तर तिच्यापेक्षा थोड्याच मोठ्या माणसाचा आवाज होता.

काकांनी फीत पुढे पळवली. थांबवली. आता अजान होती, खिडकीतून आत आलेली, शेजारच्या मशिदीची. ती पूर्ण होईपर्यंत कोणी हललं नाही. मग खुर्ची करकरली आणि बाप म्हणाला:

"मंडळी, माझी वेळ संपली. मालक काचेतून हात करतोय. पण मी जाऊ कसा? आमचा पोरगा सायकल घेऊन यायचाय. मैदानावर असणार तो, आज मॅच आहे. अजान होऊन गेली तरी चेंडू सोडवत नसेल. मी त्या वयाचा होतो तेव्हा बापाला तीन तास ताटकळत ठेवलं होतं, हा तर फार शहाणा निघाला. तो येईपर्यंत फुकटात एक कडवं घ्या."

आणि गायला लागले, ढोलकीशिवाय, टेबलावर बोटं वाजवत:

"नदीला आलं भरतं, होडी टेकली दाराला,
उशीर कर रे पोरा, गाणं सुचलंय बापाला."

लांबवर कुणीतरी हसलं, बहुधा काकाच, तरुणपणीचे. बापाने तेच कडवं पुन्हा घेतलं, या वेळी मालकाची नक्कल करत. मग बाहेर सायकलची घंटी वाजली. "आला," ते म्हणाले. "चला. कुणी माझी चप्पल पाहिली का?" फीत सरकत राहिली, नुसती.

सुवितो भिंतीला पाठ लावून खाली बसला होता.

"मॅच संपली नव्हती," तो म्हणाला. कुणाकडेही न पाहता. "मला अजानच्या आधी यायला सांगितलं होतं. मी आलो तेव्हा दिवे लागले होते. ते बाहेर आले, काहीच बोलले नाहीत. मागे कॅरिअरवर बसले. पुलापर्यंत पाठीवर थाप मारून गुणगुणत होते. पुलानंतर गप्प झाले. मला वाटलं रागावले. मग डोकं माझ्या पाठीवर टेकलं, मला वाटलं झोपले. मी ओरडलो त्यांच्यावर. नीट धरा म्हणालो, लाज नाही वाटत भर रस्त्यात झोपायला. घरापर्यंत ओरडत आलो. मी... मी मेलेल्या माणसावर ओरडत आलो."

त्याने गुडघे छातीशी घेतले.

"बाकावर गेले म्हणालो. उजेडात. म्हणजे उशीर झाला असं कुणी म्हणू नये."

वीनार्तीच्या डोक्यात एक एक करत सगळे दिवे लागले. ती बारा वर्षांची, सायकलच्या मागे, शाळेचं दप्तर मांडीवर. 'बोल.' 'काय बोलू?' 'काहीही. गप्प बसायचं नाही.' ती एक शब्द थांबली की त्याची मान मागे वळायची. रोज पाऊण तास, सहा वर्षं. मास्तरांच्या नकला, खोट्या बातम्या, कोंबडीच्या लग्नाची गोष्ट. तिथेच तर ती घडली. जाकार्तात नाही, कॉफीच्या दुकानात नाही. ती घडली एका घाबरलेल्या पोराच्या पाठीमागे, तो पुन्हा पुन्हा तपासत होता की मागचं माणूस जिवंत आहे. आणि तिने ती भीती अकरा वर्षं विकली. त्याच्या परवानगीशिवाय. जुन्या मालकाने बापाचं केलं होतं, अगदी तसंच.

ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "तो तुकडा मी पुन्हा म्हणणार नाही."

"म्हण," तो नाक पुसत म्हणाला. "लोक हसतात."

"मग तुझ्या नावावर कर. पाकीट तुझं."

"गप्प बस गं."

"आता गप्प बस म्हणतोस? लिहून घ्या रे कुणीतरी, तारीख टाका!"

त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा होता की हसण्याचा, ते त्यालाही कळलं नसावं. मावशी ओढणी तोंडात कोंबून उभी होती. आई मात्र रडत नव्हती. ती यंत्राकडे बघत होती, तिथे फीत अजून फिरत होती.

"म्हणजे सव्वीस वर्षं," ती सावकाश म्हणाली, "मी चुकीच्या दिवशी ताट वाढलं."

"आई..."

"माणूस बिचारा दुसऱ्या दिवशी येऊन उपाशी परत जात असेल. तरीच स्वप्नात एकदाही धड बोलला नाही माझ्याशी!" तिने ओढणी कमरेला खोचली, आणि ती आता घरातलं सगळ्यात मोठं माणूस झाली, सकाळी ती तशी नव्हती. "आज मंगळवार क्लिवोन. सूर्य मावळला की बुधवार लेगी लागणार. त्याचा दिवस. मुर्सिनी, कोंबडीची एक तंगडी झाकून ठेव. हाजीसाहेब, दुवा आता करा, संध्याकाळी पुन्हा यायचंय तुम्हाला. गिमान, तूही येशील, आणि पक्कड घरी ठेवून ये. तुंपेंगचं टोक कुणी कापायचं नाही, ते त्याचं." मग मुलांकडे वळली. "आणि तुम्ही दोघं इथे मांड्या घालून काय बसलात? तो दिवस लागायच्या आत काय सुरू करायचं ते करा. घड्याळ बघा!"

अकरा वाजून गेले होते.

"मी गाडी बोलावते," वीनार्ती म्हणाली.

"बाजारपेठेच्या रस्त्याला चारचाकी जाणार नाही या वेळी," सुवितो म्हणाला. त्याने हेल्मेट डोक्यावर चढवलं, दुसरं तिच्याकडे फेकलं. "बस."

ती बसली. कितीतरी वर्षांनी. सीटचा चीर गेलेला भाग सायकलच्या कॅरिअरसारखाच टोचत होता. गाडी गल्लीतून निघाली, लोकांनी पाय आवरून वाट दिली, मागून दुवेचा आवाज आला आणि बंद झाला. पुढे पूल आला, खाली कालिमास नदीचं चहासारखं पाणी. पूल गेला. वीनार्तीला एक शब्द सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे सांगायला काही नव्हतं.

समोरची मान मागे वळली. "नार्ती. बोल."

तिने दोन्ही हातांनी त्याची कंबर घट्ट धरली, हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकवली, म्हणजे तिचा श्वास त्याच्या कानाला लागावा.

"दादा, कोण जिंकलं होतं?"

"काय?"

"मॅच. त्या दिवशी. कोण जिंकलं?"

गाडी किंचित हेलकावली. एक रिक्षावाला शिवी देऊन गेला. मग सुवितो हसला, मोठ्याने, अगदी टेपवरच्या माणसासारखा, आणि म्हणाला, "आम्ही हरलो गं. तीन-शून्य. पण दुसरा गोल... ऐक, दुसरा गोल ऑफसाइड होता. पंच त्यांच्या गल्लीचा! मी उभा होतो इथे, समज हा सिग्नल म्हणजे गोलपोस्ट..."

आणि नोटरीच्या दारापर्यंत तोच बोलत राहिला.